फलकावरचा रस्ता गल्लीत कधी येतो?
वाचकांचे प्रश्न : प्रभागाचा कारभार

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ची निवडणूक, या मधल्या काळात सोलापूर महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. आता प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळालेत आणि त्यांच्याबरोबर फलक, व्हॉट्सॲपचे गट, मासिक पत्रकंही आली आहेत. बातम्या भरपूर येतात, पण त्यातून नेमकं काय समजायचं, असं विचारणारी पत्रं या वेळी सर्वांत जास्त आहेत. काही पत्रं सारख्याच विषयाची होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. ड्रेनेजचं विचारायला गेलं की एक जण म्हणतो, "तुमचा भाग त्यांच्याकडे." असं भागांचं वाटप खरंच असतं का? (जुळे सोलापूर)

कायद्यात नाही. सोलापुरात २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक आहेत. २४ प्रभागांत चार-चार, उरलेल्या दोनांत तीन-तीन. प्रभागातल्या जागांची अ, ब, क, ड ही अक्षरं आरक्षणासाठी आणि मतदानासाठी असतात, गल्ल्या वाटून घेण्यासाठी नाहीत. चौघंही सबंध प्रभागाचे प्रतिनिधी. आपापसांत त्यांनी भाग वाटून घेतले असतील तर ती त्यांची सोय, तुमच्यावर बंधन नाही.

त्याहून महत्त्वाचं असं, की तुंबलेलं ड्रेनेज हे मुळात नगरसेवकाचं काम नाही. दुरुस्ती, सफाई, बंद दिवे ही रोजची कामं झोन कार्यालयाची. शहरात असे आठ झोन आहेत. नगरसेवक पाठपुरावा करतो, नव्या कामाची मागणी लावतो, सभागृहात प्रश्न विचारतो. यंत्र घेऊन माणूस पाठवण्याचा हुकूम मात्र अधिकाऱ्याचाच. म्हणून अर्ज झोनच्या विभागीय अधिकाऱ्याच्या नावे लिहा आणि खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून चौघांचीही नावं टाका. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक) आणि तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. चौघांना एकच कागद गेला की बोट दाखवायला जागा उरत नाही.

अर्जात "ड्रेनेजची समस्या आहे" एवढंच लिहिलं तर माणूस येऊन गल्ली बघून परत जातो. मैलापाण्याचं ड्रेनेज की पावसाचं उघडं गटार हे आधी लिहा, कारण दोन्हींची माणसं आणि साधनं वेगळी. मग चेंबर कुठलं (कोणत्या घरासमोर, कोणत्या खांबाजवळ), किती दिवसांपासून, पाणी रस्त्यावर येतंय की घरात उलटं चढतंय. एकाच ओळीतली दोन-तीन चेंबरं भरलेली असतील तर तेही सांगा. त्यावरून तुंबा खालच्या बाजूला आहे हे कळतं आणि जेटिंग मशीन (जोरात पाणी मारून तुंबा काढणारं यंत्र) योग्य जागी लागतं. शेवटचं भरलेलं आणि पहिलं रिकामं चेंबर, या दोघांच्या मध्ये दोष असतो.

प्रश्न : "यांच्या अथक प्रयत्नातून रस्त्याचे काम मंजूर" असा फलक आमच्या कोपऱ्यावर लागून बरेच महिने झाले. खडीचा एक ढीगसुद्धा पडलेला नाही. मंजूर झालं तर काम का होत नाही? (नीलम नगर, अशीच पत्रं बाळे आणि शेळगीहूनही)

फलकावरचा "मंजूर" हा शब्द कामाच्या कुठल्याही टप्प्याला लागू शकतो. म्हणून काम कधी होणार हे विचारण्याऐवजी काम कुठवर आलं हे विचारा. टप्पे साधारण असे.

आधी मागणीपत्र जातं. मग अवेक्षक (कामावर देखरेख करणारा कर्मचारी) किंवा कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन टेप लावतो, लांबी-रुंदी घेतो आणि शासनाच्या दरसूचीप्रमाणे (ठरलेल्या दरांच्या यादीप्रमाणे) कामाचं अंदाजपत्रक बनवतो. त्याला वरिष्ठ अभियंत्याची तांत्रिक मान्यता लागते. नंतर प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम अमुक निधीतून, अमुक लेखाशीर्षावर (खर्चाच्या खात्यावर) करायला हरकत नाही असा आदेश. मग टेंडर. दर उघडल्यावर ते स्वीकारण्याची मान्यता, कामाच्या रकमेप्रमाणे आयुक्तांची किंवा स्थायी समितीची. त्यानंतर ठेकेदार अनामत भरतो, करारनामा होतो आणि कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर निघते. काम सुरू व्हायचं ते इथून पुढे.

बहुतेक फलक पहिल्या मागणीपत्राला किंवा प्रशासकीय मान्यतेला लागतात. पुढे गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी. महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात, म्हणजे बजेटमध्ये, तरतूद असते पण तिजोरीत पैसे नसतात. तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, रोकड नव्हे. जुनी बिलं थकल्यामुळे ठेकेदार टेंडरच भरत नाहीत आणि फेरनिविदा काढावी लागते. कोणी तरी दरसूचीच्या बरंच खाली दर टाकून काम घेतो, ज्याला सगळे "बिलो" म्हणतात, आणि मग ते परवडत नाही म्हणून टाळत बसतो. ड्रेनेज किंवा पाण्याची लाइन टाकायची बाकी असते, तेव्हा रस्ता थांबवणं शहाणपणाचंच, तिथे ओरडू नका. आणि हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात एक खास अडचण निघते : लेआउटमधला (प्लॉट पाडलेल्या जागेतला) रस्ता कागदोपत्री अजून मूळ जमीनमालकाच्या नावावरच असतो. खासगी जागेवर महापालिकेचा पैसा खर्च करायला लेखापरीक्षक हरकत घेतात, म्हणून फाईल परत येते.

पैसा कुठला हेही विचारा. नगरसेवकाचा भांडवली निधी, आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती, अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना, नगरोत्थान, यांतलं काहीही असू शकतं. आमदार-खासदार निधीच्या कामाची प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. अशा कामाची फाईल झोनमध्ये विचारली तर "आमच्याकडे असं काम नाही" हेच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं.

तेव्हा फलक लावणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा. लेखाशीर्ष किंवा योजनेचं नाव. कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख. काम पूर्ण करायची मुदत. यांतल्या दुसऱ्या गोष्टीचं, म्हणजे कार्यारंभ आदेशाचं, उत्तर आलं नाही तर काम अजून कागदावर आहे असं समजा आणि कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. राग न धरता विचारा. नगरसेवकालाही पुष्कळदा फाईल कुठे आहे ते माहीत नसतं, आणि तुम्ही विचारलं की तो निदान शोधायला लागतो.

प्रश्न : आमच्या नगरात दर महिन्याला एक पानी पत्रक आणि रोज व्हॉट्सॲपवर सूचना देण्याचं काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतलं आहे. सगळ्यांत जास्त बोलणी पाण्याच्या सूचनेवरून खातो. ती कशी लिहावी? (विजापूर रस्ता)

पाणी रोज येत नाही अशा गावात एक चुकीची सूचना म्हणजे एका घराची पुढची चार दिवसांची पंचाईत. त्यामुळे बोलणी बसणारच. पण निम्मा गोंधळ सूचना अपुरी असल्यामुळे होतो.

आधी तुमचा भाग कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या टाकीवर आहे ते पाणीपुरवठा विभागाकडून पक्कं करून घ्या. सोलापूरला तीन वाटांनी पाणी येतं. एक, उजनी धरणापासून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या थेट वाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात. दोन, भीमेवरच्या औज-चिंचपूर बंधाऱ्यातून टाकळी पंपगृहामार्गे सोरेगावला. तीन, हिप्परग्याच्या एकरुख तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात. "उजनीत वीज गेली" ही बातमी गावभर फिरते, पण तुमची टाकी टाकळीच्या पाण्यावर असेल तर तुमच्या पाळीला धक्का लागेलच असं नाही. उलट औज बंधारा आटत आला की उजनीतून भीमेत पाणी सोडावं लागतं आणि ते नदीने बंधाऱ्यात पोहोचायला काही दिवस जातात. त्या काळातली टंचाई टाकळीच्या भागाला आधी जाणवते.

दुसरं, पंपगृहात वीज तासभर गेली तर पाळी तासभरच का पुढे जात नाही, हे एकदा पत्रकात समजावून सांगा. दर वेळचा वाद वाचेल. पंप बंद पडला की लांब वाहिनीतला दाब उतरतो. तो पुन्हा सावकाश चढवावा लागतो, नाही तर लाइन फुटते. मग शुद्धीकरण केंद्र, मग टाकी. टाकीत पुरेशी पातळी आल्याशिवाय चावी (भागाचा व्हॉल्व्ह) सोडली तर जवळच्या घरांत पाणी पडतं आणि टोकाच्या घरांत नुसती हवा येते. म्हणून चावीवाला थांबतो. आणि एका टाकीवरचे भाग पाळीपाळीने घेत असल्यामुळे पुढचे सगळे भाग घसरतात.

सूचनेत या गोष्टी हव्यातच : टाकीचं नाव आणि गल्ल्या, वार आणि तारीख दोन्ही, सुरू व्हायची आणि बंद व्हायची वेळ, कारण एका ओळीत, आणि माहिती कोणाकडून किती वाजता मिळाली ते. उदाहरणार्थ :

"पाण्याची पाळी एक दिवस पुढे. भाग : (टाकीचं नाव) टाकीवरच्या सर्व गल्ल्या. बुधवारऐवजी गुरुवारी, पहाटे ४ ते ६. टोकाच्या गल्लीत अर्धा तास उशिरा. कारण : पंपगृहात वीज खंडित. झोनच्या पाणीपुरवठा विभागाची माहिती, मंगळवार सायंकाळी ७."

शेवटची ओळ गाळू नका. रात्री दहाला वेळ बदलली तर जुनी सूचना फिरत राहते आणि लोकांना कोणती खरी ते कळत नाही. बदल झाला की जुनी सूचना पुसा आणि नव्या सूचनेच्या सुरुवातीला "दुरुस्ती" लिहा. "लवकरच", "सुरळीत", "नागरिकांनी सहकार्य करावे" हे शब्द सरळ गाळा. जागा वाचते.

पत्रकात दोन कायमच्या चौकटी ठेवा. एक, पाणी आल्याबरोबरची पहिली काही मिनिटं पिण्याचं भरू नका. लाइन चार दिवस रिकामी असते आणि जिथे गळती आहे तिथून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते, आणि शेजारच्याचं पाणी जातं ते वेगळंच. दुसरी चौकट क्लोरीनची. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. आरोग्य कर्मचारी ओ.टी. टेस्ट करतात, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पाणी गढूळ किंवा वासाचं आलं तर त्याच पाळीत, पाणी चालू असतानाच तक्रार द्या आणि टेस्ट करायला लावा. दुसऱ्या दिवशी नळच कोरडा असतो.

प्रश्न : पूर्व भागातल्या आमच्या वस्तीत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत. पत्रक कोणत्या भाषेत काढावं? (अशोक चौक)

छापील पत्रक मराठीतच काढा, कारण पुढे अर्ज, आवक क्रमांक, अपील हे सगळं मराठीत होणार आहे आणि शब्द तेच राहिले तर लोकांना सोपं जातं. पाणी, लसीकरण, कचरा या तीन गोष्टींच्या सूचना मात्र आवाजात पाठवा, प्रत्येक भाषेत तीस-चाळीस सेकंदांची. विडी वळणाऱ्या बायकांचे हात कामात असतात. पडद्यावरचं वाचण्यापेक्षा ऐकणं त्यांना सोयीचं. तारीख आणि वेळ दोनदा बोला.

प्रश्न : गल्लीत पेव्हर ब्लॉकचं काम चालू आहे. आम्हाला बघण्यासारखं काय असतं? ठेकेदार म्हणतो, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं." (मड्डी वस्ती)

कळतं. एक टेप आणि डोळे पुरे.

आधी ब्लॉकची जाडी मोजा. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे दुचाकी आणि थोड्या मोटारी जाणाऱ्या रस्त्याला ६० मिलिमीटर जाडीचा, एम-३५ ताकदीचा ब्लॉक. पाण्याचा टँकर किंवा कचऱ्याचा मोठा ट्रक येत असेल तर ८० मिलिमीटर, एम-४०. सोलापूरच्या पुष्कळ गल्ल्यांत उन्हाळ्यात टँकर येतोच, त्यामुळे अंदाजपत्रक बनतानाच ८० ची मागणी करायला हवी होती. काम सुरू झाल्यावर जाडी बदलून मिळत नाही, पण अंदाजपत्रकात ८० लिहिलेली असून ६० चे ब्लॉक येत असतील तर तिथेच काम थांबवायला सांगा.

मग खालचा थर. खडी-मुरमाचा थर पाणी मारून रोलरने नीट दाबलेला हवा. त्यावर वाळू किंवा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) २० ते ४० मिलिमीटर, त्याहून जास्त नको. खालची जमीन वरखाली असली की ती सारखी दिसावी म्हणून वाळूच जाड पसरतात. पहिल्या पावसात वाळू सरकते आणि चाकांच्या दोन रेघांत ब्लॉक बसतात. दोन्ही कडांना कर्ब (कडेचे उभे दगड) किंवा काँक्रीटची पट्टी आहे ना ते बघा. कड मोकळी सोडली की ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि मग सगळी ओळच खिळखिळी होते. शेवटी सांध्यांत बारीक वाळू भरून प्लेट व्हायब्रेटर (थरथरत ब्लॉक दाबणारं यंत्र) फिरवायचा. नुसता झाडू मारून वाळू भरली असेल तर परत करायला लावा.

चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्यायला लावा, पुरून टाकू देऊ नका. पुरलेलं चेंबर शोधायला पुढे हेच ब्लॉक उखडावे लागतात.

आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारी गोष्ट : जुना थर न खरवडता त्याच्यावरच नवा टाकणं. रस्ता दर वेळी थोडा चढतो आणि एके वर्षी घराचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो. मग पावसाचं पाणी घरात. काम सुरू व्हायच्या आधी दोन-चार घरांच्या जोत्यापासून रस्त्यापर्यंतची उंची मोजून फोटो काढून ठेवा आणि अवेक्षकाला त्याच वेळी दाखवा.

काँक्रीटचा रस्ता असेल तर क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, बघा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लायॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस ओलं ठेवावं लागतं; कोरड्या, कडक उन्हात तेच १० आणि १४ दिवस. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाइप मारून भागत नाही. मातीचे किंवा मसाल्याचे बांध घालून पाणी साठवावं लागतं, नाही तर ओलं पोतं अंथरावं लागतं. काँक्रीट टाकताना ताकद तपासण्यासाठी १५० मिलिमीटरचे क्यूब (ठोकळे) भरले का, हे विचारा. त्यांचा २८ दिवसांचा अहवाल फाईलला लागतो.

प्रश्न : काम झालं, सहा महिन्यांत उखडलं. माहितीचा अधिकार टाकावा का? की "आपले सरकार"वर तक्रार? काहीजण म्हणतात सेवा हमी कायदा वापरा. (होटगी रस्ता)

तिन्ही वेगवेगळ्या कामांसाठी आहेत आणि चुकीच्या दारात उभं राहिलं की फुकट वेळ जातो. लोक पुष्कळदा हेच करतात.

सेवा हमी कायदा म्हणजेच लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा. तो दाखले, नोंदी, नळजोडणी, करनोंदीवरचं नाव बदलणं अशा अधिसूचित सेवांसाठी आहे. कार्यालयाबाहेर त्या सेवांचा फलक हवा : सेवा, मुदत, फी, जबाबदार अधिकारी. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली तर ३० दिवसांत पहिलं अपील. उखडलेल्या रस्त्याला तो लागू नाही.

उखडलेल्या रस्त्यासाठी आधी साधा अर्ज द्या आणि त्यात एकच मागणी करा : दोष दायित्व कालावधीत (कामातल्या दोषाला ठेकेदार जबाबदार असतो त्या मुदतीत) ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यावी. करारनाम्यात हा कालावधी लिहिलेला असतो आणि तोवर ठेकेदाराची अनामत महापालिकेकडे असते. कालावधी संपायच्या आत लेखी तक्रार गेली पाहिजे. अनामत परत गेल्यावर कोणी फिरकत नाही. आपले सरकार या शासनाच्या संकेतस्थळावरची तक्रार याच अर्जाची दुसरी प्रत म्हणून ठीक.

माहितीचा अधिकार कागद मिळवण्यासाठी आहे, तक्रार करण्यासाठी नाही. "रस्ता का उखडला?" असं विचारलं तर "ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असं उत्तर येणार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. कामाचं नाव लिहून या प्रती मागा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, अदा केलेल्या देयकांचा तपशील, करारनाम्यातला दोष दायित्वाचा भाग. मोजमाप पुस्तकाला सगळे "एम.बी." म्हणतात आणि खरी गोष्ट त्यातच असते. पुस्तकातली लांबी-रुंदी-जाडी आणि जागेवरची टेप जुळते का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. प्रतीला पानामागे २ रुपये. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. तिथे मात्र धीर धरावा लागतो, नंबर लवकर लागत नाही.

यातलं पुष्कळसं अर्ज न करताही बघता येतं. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांसह जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला ठेवायचे आहेत. निर्णयाची प्रत बरोबर न्या, कारण समोरच्या टेबलाला तो ठाऊक असेलच असं नाही.

प्रश्न : १९९२ च्या हद्दवाढीत आलेला आमचा भाग. गुंठेवारीतला प्लॉट, घरपट्टी नियमित भरतो. तरी ड्रेनेज नाही. कर घेता मग सोय का नाही, असं नगरसेवकाला ठणकावून विचारलं तर चालेल ना? (सैफुल परिसर)

विचारा, पण घरपट्टीची पावती हा बांधकाम नियमित असल्याचा पुरावा नाही, हे आधी लक्षात घ्या. कर वापरावर लागतो. अनधिकृत बांधकामावर शास्ती लावून वसूल केली तरी ते नियमित होत नाही. पावत्यांची चळत पुढे केली की अधिकारी हेच ऐकवतात आणि चर्चा तिथेच संपते.

गुंठेवारी, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट, नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासालाही तो लागू झाला. खरेदीखत, सातबारा, मोजणी नकाशा, त्या तारखेआधीचं बांधकाम असल्याचा पुरावा (जुनी घरपट्टी, वीजबिल इथे उपयोगी पडतात) एवढं जमवा. प्रशमन शुल्क (नियमित करून घेण्यासाठीची दंडाची रक्कम) आणि विकास शुल्क भरावं लागतं. नाल्यात किंवा पूररेषेत असलेल्या प्लॉटला आशा नाही. एकेकट्याने जाण्यापेक्षा सगळ्या लेआउटने मिळून जा. रस्त्याची रुंदी आणि मालकी हा प्रश्न एका प्लॉटपुरता सुटतच नाही, आणि रस्ता महापालिकेकडे आल्याशिवाय त्यात पाइप टाकायला कोणी तयार होत नाही.

नगरसेवकाकडे मागणी करताना "आमच्या गल्लीत ड्रेनेज टाका" असं म्हणू नका. ड्रेनेज उताराने चालतं. खालच्या बाजूची मुख्य वाहिनी झालेली नसताना गल्लीत पाइप टाकला तर तो भरतो आणि सगळ्यांत सखल घराच्या संडासातून उलटा येतो. हट्टाने टाकून घेतलेल्या लाइनी अशाच वाया जातात. मुख्य वाहिनी कुठवर आली, पुढचा टप्पा कोणत्या योजनेत आहे आणि आपल्या लेआउटचं सखल टोक कोणतं, हे विचारा. तोवर सेप्टिक टँक वेळेवर उपसून घ्या.

प्रश्न : स्वीकृत नगरसेवकाला आपण काम सांगू शकतो का?

सांगू शकता. स्वीकृत म्हणजे लोकांनी निवडून न दिलेला, नेमलेला नगरसेवक. सभागृहात तो बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. त्याला प्रभाग नसतो, म्हणून एखाद्या विषयातला जाणकार असेल तर त्या विषयासाठी त्याच्याकडे जा. गल्लीतल्या दिव्यासाठी नको.

प्रश्न : महापालिकेची सभा सामान्य माणसाला बघता येते का? ठराव कुठे मिळतात?

येते. सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा, २० तारखेच्या आत घ्यायची असते आणि सभागृहाने बहुमताने वेगळं ठरवलं नाही तर ती लोकांना खुली असते. जाण्याआधी नगरसचिव कार्यालयातून विषयपत्रिका बघून घ्या. आपला विषय पत्रिकेत नसेल तर दिवस फुकट जातो, आणि सभा तहकूब होण्याची तयारी ठेवूनच जा. ठराव आणि इतिवृत्तही तिथेच. पत्रकात "सभेत विषय मंजूर" असं छापताना ठराव क्रमांक टाका.

प्रश्न : आमच्या गटावर एकाने घरपट्टी थकवणाऱ्यांची यादी नावं-फोनसह टाकली. दुसऱ्याने तक्रार करणाऱ्या बाईंचा अर्जच टाकला, आधार क्रमांकासकट. गट चालवणाऱ्याने काय करावं? (बाळे)

दोन्ही लगेच पुसा. महापालिका स्वतः थकबाकीदारांची नावं जाहीर करते तेव्हा ती कायद्याने आणि आपल्या जबाबदारीवर करते. गटाला तो अधिकार नाही, आणि यादी जुनी असली तर भरलेल्या माणसाची बदनामी होते. अर्ज टाकायचाच असेल तर विषय, ठिकाण, आवक क्रमांक आणि तारीख एवढंच ठेवा. नाव, फोन, आधार, सही झाकून मग फोटो काढा. तक्रारदाराचं नाव उघड झालं की पुढच्या वेळी ठेकेदार आधी तिच्या दारात जातो, आणि गल्लीतून दुसरी तक्रार येत नाही.

गटावर नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फलक, पक्षाचे संदेश आणि पाण्याची वेळ एकत्र येत असतील तर सूचनांसाठी वेगळा गट काढा, ज्यात फक्त दोघा-तिघांनाच लिहिता येईल. आचारसंहिता लागल्यावर या वेगळ्या गटाचा जास्त उपयोग होतो. तेव्हा नव्या कामांच्या घोषणा बंद होतात, पण कार्यारंभ आदेश निघून सुरू झालेली कामं आणि पाणी-कचऱ्याच्या रोजच्या सूचना चालूच राहतात. "आचारसंहिता आहे" म्हणून कोणी घंटागाडी बंद ठेवली तर ते कारण मान्य करू नका.